२१० ग्रॅमचा कागद ३०० चा म्हणून विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

शिरोडा, ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग
१५ सप्टेंबर २०२५

विषय : मिश्र माध्यम कागदकामाच्या संचातील कागद आणि मॅट मिडियम सदोष असल्याबाबत, ११ व २० ऑगस्टच्या ईमेलांच्या संदर्भात.

महोदय / महोदया,

माझ्या पहिल्या तक्रारीला आपल्याकडून आठव्या दिवशी तीन ओळींचं उत्तर आलं. त्यातलं एक वाक्य असं : "आपल्या भागातील दमट हवामानामुळे असे होऊ शकते, उत्पादनात दोष नाही." मी दुसऱ्याच दिवशी पुन्हा लिहिलं, सोबत फोटो जोडले. त्यालाही आता पंचवीस दिवस होऊन गेले, उत्तर नाही. म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे आणि सगळी हकिगत पहिल्यापासून लिहिते आहे. त्या एका वाक्याने मला जेवढा त्रास झाला, तेवढा नुकसानीनेही झाला नव्हता.

२ जूनला मी आपला संच मागवला. १,८४९ रुपये आगाऊ भरले. १३ जूनला पार्सल मिळालं. उशिराबद्दल माझं काही म्हणणं नाही, पावसात आमच्याकडे पार्सलं अशीच येतात. संचात ए-फोर आकाराचे २० कागद, जेसोची (रंगाआधी कागदाला द्यायच्या पांढऱ्या अस्तराची) एक बाटली, मॅट मिडियमची (चिकटवायला आणि वरून लेप द्यायला वापरतात त्या, न चमकणाऱ्या द्रवाची) एक बाटली, एक काळं पेन आणि कल्पना सुचवणारी एक पुस्तिका होती. कागदाच्या पाकिटावर तीन गोष्टी छापल्या आहेत : ३०० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजन), शंभर टक्के कॉटन, आम्लमुक्त. खोक्यावर आणखी एक : "सर्व हवामानांसाठी योग्य". मी आपलाच संच निवडला तो ही शेवटची ओळ वाचून.

आमच्या घरी गणपतीची आरास मीच करते. पूर्वी थर्माकोलचं मखर विकत आणायचे. २०१८ साली बंदी आली तेव्हापासून मी कागदावर आले आणि मग कागदाचाच नाद लागला. वर माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या लाकडी चौकटीला, फळं, कवंडाळं, सुपारीचे घोस, आणि मागच्या भिंतीवर दरवर्षी एक नवी कागदी मांडणी. मुंबईहून येणारे भाऊ-भावजया, पोरंटोरं, आधी मूर्तीला हात जोडतात आणि मग मागे काय केलंय ते बघतात.

यंदा काय करायचं ते मला एप्रिलमध्ये मिठागराच्या बांधावरून चालताना सुचलं. आपल्या पुस्तिकेत कल्पना शोधण्यासाठी बर्फातली घरं, सूचिपर्णी झाडं आणि लाल पानांच्या बागा दिल्या आहेत. पुस्तिका छान छापली आहे, पण इथे बसून त्यातलं काय कापायचं आणि काय चिकटवायचं? माझं सुचणं पायाखालीच होतं. वाफ्यातलं पाणी आटत आलं की कडेने मिठाची साय धरते आणि ती साय हाताने फाडलेल्या जाड कागदाच्या कडेसारखी दिसते, पांढरी आणि थोडी दातेरी. मी तिथेच उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिले. खाली काळसर चिखल, त्यावर पाण्याचा पातळ थर, त्यावर साय. कागद, रंग, वर फाडून लावलेला कागद, असं मांडणीचं गणित तिथेच सुटलं.

माझे वडील मिठागरावर हिशेबाला होते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांची हिशेबाची एक वही आईच्या ट्रंकेत होती. कसर लागून कडा खाल्ल्या गेल्या होत्या. गोणी किती भरल्या, कुणाची उधारी, कुठल्या वाफ्याचा बांध फुटला, सगळं निळ्या शाईत आणि त्यांच्या त्या उजवीकडे कललेल्या अक्षरात. आईला विचारून मी त्यातली चौदा पानं सोडवली. बारा चित्रं करायची ठरवलं : भरतीचं पाणी आत घेण्यापासून मीठ गाडीत चढेपर्यंत. मध्ये एक चित्र १९३० च्या इथल्या मिठाच्या सत्याग्रहाचं, कारण त्याच्या गोष्टी वडिलांनी आजोबांकडून ऐकल्या होत्या आणि आम्ही वडिलांकडून. प्रत्येक चित्रात वहीचा एक तुकडा लावायचा होता, आणि ओल्या रंगावर आमच्याच आगरातलं जाडं मीठ टाकून त्याची नक्षी उठवायची होती. दोन पानं चुकामुकीसाठी राखून ठेवली.

झेरॉक्स का लावल्या नाहीत, असं आपण विचाराल. मलाही नंतर लोकांनी विचारलं. पानं ट्रंकेत राहिली असती तर दोन-चार वर्षांत कसरीने संपवली असती. नीट आम्लमुक्त कागदावर चिकटवून, वरून लेप देऊन ती टिकतील, असं आपल्याच पाकिटावर वाचून मी ठरवलं.

आता दोष सांगते. एक कागद मी चाचणीला वापरला. रंग दिला, मीठ टाकलं, वाळल्यावर मीठ पूर्ण झाडून घेतलं. त्या एकट्या कागदात काही वावगं दिसलं नाही. मग दहा चित्रं आपल्या कागदावर आणि आपल्या मिडियमने केली. उरलेली दोन गेल्या वर्षीच्या हातकागदावर केली, कारण सत्याग्रहाच्या आणि शेवटच्या चित्राला मला तो खडबडीत पोत हवा होता. त्या दोन्हींना साधा पांढरा गोंद पाणी घालून वापरला. बाकी सगळं तेच : तीच वही, तेच मीठ, तीच माजघरातली खोली, त्याच दिवसांतलं काम. जेसो मी चित्रांच्या सगळ्याच कागदांना दोन्ही बाजूंनी दिला होता, कागद एका अंगाला वळू नये म्हणून.

९ ऑगस्टला सकाळी चित्रं भिंतीवर लावून बघायची म्हणून काढली. मध्ये बटर पेपर घालून एकावर एक ठेवली होती. पहिल्याला हात लावला तर ओलसर चिकट लागला. मिडियम लावून तेरा दिवस झाले होते. बटर पेपर हळूहळू उचलायला लागले आणि त्याच्याबरोबर वहीचं पान उचललं गेलं. वरचा शाईचा थर बटर पेपरला, खालचा लगदा चित्राला. बटर पेपरवर माझ्या वडिलांच्या अक्षरात "उधार" हा शब्द उलटा उमटला होता, आणि चित्रावर त्याच्या जागी पांढुरकी, केसाळ जखम. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण वाटलं, एकच बिघडलं असेल, म्हणून दुसरं उघडलं. दहापैकी सात पानं अशी गेली. तीन वाचली, ती लहान तुकड्यांची होती म्हणून. आपल्या कागदाचे कोपरे पापुद्रा सुटावा तसे दोन थरांत सुटले होते आणि मध्यभागी कागदाने पोट काढलं होतं. आई आत आली, तिने बघितलं आणि एवढंच विचारलं, "आबांची पानां खंय गेली?" मला उत्तर देता आलं नाही.

हातकागदावरची दोन्ही चित्रं सपाट, कोरडी आणि शाबूत आहेत. ती आजही भिंतीवर आहेत. हवा तीच होती.

त्यानंतर मी दोन गोष्टी तपासल्या. पहिली, कागदाचं वजन. ए-फोरच्या एका कागदाचं क्षेत्रफळ ०.०६२४ चौरस मीटर. एक चौरस मीटर ३०० ग्रॅम भरत असेल तर एक कागद साधारण १८.७ ग्रॅम भरायला हवा. माझ्याकडे आपले नऊ कोरे कागद उरले होते, ते सुमारे १६८ ग्रॅम व्हायला हवेत. मी ते बाजारातल्या सोनाराकडे नेले. त्याने काटा शून्यावर आणून माझ्यासमोर वजन केलं : ११८ ग्रॅम. पुन्हा केलं, तेवढंच. म्हणजे कागद २१० जीएसएमचा आहे. आणि श्रावणातल्या दमट हवेत कागद पाणी ओढून घेतो, त्याचं वजन असलंच तर वाढलेलं असणार. हवामानाने कागद हलका होत नाही. एवढं पाणी, जेसो आणि वरचे थर २१० चा कागद पेलणार नाही, हे मला आधी कळलं असतं तर मी तो वापरलाच नसता.

दुसरी गोष्ट मिडियमच्या बाटलीची. बाटलीवर "पॅकिंग एप्रिल २०२५" असं स्टिकर आहे. त्याची एक कड उचललेली होती. नखाने सोलून खिडकीच्या उजेडात धरलं तर खाली थेट बाटलीवर छापलेलं "०३/२०२२" स्पष्ट वाचता येतं. जुना माल नवी तारीख चिकटवून पाठवला, याला आमच्याकडे फसवणूकच म्हणतात. पाकीटबंद मालावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष खरं छापणं कायद्याने बंधनकारक आहे, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

आता त्या हवामानाच्या वाक्याविषयी. इथून गाडीने तासाभराच्या आतबाहेर पिंगुळी आहे, कुडाळजवळ. पद्मश्री परशुराम गंगावणे यांच्या घराण्याने तिथे ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या जुन्या पोथ्या जपल्या आहेत. कागदावरच रंगवलेली चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली, आणि एकेक समोर धरून रामायणातली कथा सांगायची. एकामागून एक चित्रांनी गोष्ट सांगायची, ही माझ्या बारा चित्रांची कल्पना मी तिथूनच घेतली. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफाची १२० पानं असतात, एकेका अवताराची बारा. जुन्या पद्धतीत कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून वर लाखेचा लेप देत. लोक ती पानं हातात घेऊन खेळत असत, घामेजल्या हातांनी, याच हवेत. आमच्या या दमट पट्ट्यात कागदावरची कला पिढ्यान्‌पिढ्या झाली आणि राहिली आहे, कारण करणारे हवा ओळखून माल वापरत होते. आपण हवा ओळखली नाही, निदान खोक्यावर तरी खरं छापायचं. "सर्व हवामानांसाठी" असं लिहून माल विकायचा आणि बिघडला की गिऱ्हाइकाच्या हवेला दोष द्यायचा, हे मला मान्य नाही.

आपल्या माणसाने फोनवर "वापरलेला माल सात दिवसांनंतर परत घेत नाही" असंही सांगितलं. मॅट मिडियम वाळतं की नाही, ते वापरल्याशिवाय कसं कळणार? पेन आणि जेसो चांगले आहेत, हेही इथे लिहून ठेवते. माझी तक्रार कागद आणि मिडियम या दोनच वस्तूंची आहे.

माझ्याकडे रविवारी वाडीतली सात-आठ मुलं कागदकाम शिकायला पडवीत बसतात. त्यांच्यासाठी मी आपलेच आणखी दोन संच मागवणार होते. त्यातल्या एका मुलीने गणपतीसाठी आजीच्या जुन्या लुगड्याचा काठ आणि सुरंगीच्या वाळलेल्या फुलांचा गजरा कागदावर बसवला आहे. ती वस्तू माझ्या सांगण्यावरून आपल्या मिडियमखाली गेली असती, तर मी तिच्या आजीला काय सांगितलं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही. आपल्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जण अशाच वस्तू कागदावर बसवत असतील : कुणाचं पत्र, कुणाचं तिकीट, कुणाच्या साडीचा तुकडा. मिश्र माध्यमाचं काम म्हणजे तेच. दुकानातून आणलेला कागद पुन्हा आणता येतो, त्यावर लावलेली वस्तू आणता येत नाही.

माझ्या मागण्या अशा. १,८४९ रुपये पूर्ण परत करावेत, बदली संच पाठवू नये. माझ्या बाटलीच्या खेपेतला माल विक्रीतून काढावा आणि तो ज्यांना गेला त्यांना कळवावं. कागदाच्या पाकिटावर खरं वजन छापावं. आणि १९ ऑगस्टचं हवामानाचं उत्तर लेखी मागे घ्यावं. वडिलांच्या सात पानांची भरपाई म्हणून किती रक्कम लिहावी ते मला ठरवता आलं नाही, म्हणून तो आकडा मी लिहिलेला नाही.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. दोन्ही मुदती उलटल्या आहेत. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि पुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आमच्या जिल्हा आयोगाकडे जाईन. त्या कायद्याने मला माझ्याच जिल्ह्यात दाद मागता येते.

सोबत बिलाची प्रत, दहाही चित्रांचे फोटो, काट्यावरच्या वजनाचा फोटो आणि स्टिकर सोललेल्या बाटलीचे दोन फोटो जोडले आहेत. उरलेले नऊ कोरे कागद पत्र्याच्या डब्यात ठेवले आहेत. तपासणीसाठी हवे असतील तर आपल्या खर्चाने माणूस पाठवावा. पाच कागद सही घेऊन देईन, चार आणि बाटली माझ्याकडे राहील.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पूर्ण पत्ता व ऑर्डर क्रमांक पाकिटावर आणि बिलाच्या प्रतीवर आहेत.)