सहा मिनिटांचा दिवस

मोठ्या पगाराची वकिली सोडून गावी परतणाऱ्यांना 'कष्ट झेपले नाहीत' असे सर्रास ऐकवले जाते. मी त्यांतलाच एक. लोअर परळच्या एका लॉ फर्ममध्ये सहा वर्षे काढली. तिथे दिवस सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजतात आणि प्रत्येक तुकडा कोणत्या अशिलाच्या बिलात गेला ते रोज लिहावे लागते. आईशी फोनवर बोललेल्या मिनिटांसाठी त्यात रकाना नव्हता! तासांबद्दल दाद तरी कुठे मागणार? वकिलाचे कार्यालय हे कामाचे तास ठरवणाऱ्या केरळच्या दुकाने-आस्थापना कायद्याखाली 'व्यापारी आस्थापना' ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८४मध्येच दिला आहे. इतरांच्या करारांतली कलमे रात्री दोनला तपासणाऱ्यांच्या कामाला मात्र घड्याळ नाही.

आता साताऱ्याच्या न्यायालयात उभा राहतो. मिळकत चौथाईवर आली, एखादा पक्षकार फीऐवजी कोरेगावचा घेवडा आणून देतो (घरी त्याचे स्वागत जास्त होते), पण सातला घरी असतो. कनिष्ठ वकिलांच्या कामाच्या तासांना मर्यादा घालणारे नियम बार कौन्सिलने करावेत, एवढीच मागणी.

– एक वकील, सातारा