व्हांदेचे शेतकरी राजासाठी उठले नव्हते

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील फ्रेंच राज्यक्रांतीवरचा लेख वाचला. पश्चिम फ्रान्समधील व्हांदे या भागातल्या शेतकऱ्यांच्या १७९३ च्या उठावाची बोळवण लेखकाने ‘राजनिष्ठ उमराव आणि पाद्री यांनी चिथावलेल्या अडाणी शेतकऱ्यांचे बंड’ एवढ्या एका वाक्यात केली आहे. मला त्याचे फार वाईट वाटले, कारण जवळजवळ हेच वाक्य मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो.

एके वर्षी नववीतल्या एका मुलाने विचारले, “सर, राजाला जानेवारीत मारलं आणि हे लोक मार्चमध्ये उठले. मग मधले दोन महिने ते गप्प का होते?” मला उत्तर येत नव्हते. मी त्याला खाली बसायला सांगितले, आणि ते आजही मला बोचते.

उत्तर पुढे वाचनात सापडले. २१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला तेव्हा तेथे उठाव झाला नाही. २४ फेब्रुवारीला तीन लाख सैनिकांच्या भरतीचा हुकूम निघाला आणि तो गावोगाव पोहोचताच, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, भडका उडाला. चर्चच्या जमिनी लिलावात बव्हंशी शहरातल्या पैसेवाल्यांकडे गेल्या होत्या, सरकारनिष्ठेची शपथ नाकारणारे गावचे पाद्री हाकलले गेले होते, आणि आता घरातला तरुण मुलगाही मागितला जात होता. त्यांचा पहिला सरसेनापती काथलिनो हा उमराव नव्हे, फेरीवाला होता.

बंडखोरांचे हातही रक्ताने माखलेले होते. माशकूल येथे त्यांनी प्रजासत्ताकाच्या समर्थकांची कत्तल केली, हे मी नाकारत नाही. परंतु २३ डिसेंबर १७९३ रोजी सावने येथे त्यांचे मुख्य सैन्य संपल्यावरही प्रजासत्ताकाच्या जनरल त्युरोच्या तुकड्या पुढचे कित्येक महिने गावे जाळत आणि बायकामुलांना मारत फिरल्या, याविषयी लेखात एक अक्षर नाही. फेब्रुवारी १७९५ मध्ये ला जोने येथे तह करताना सरकारने उपासनेचे स्वातंत्र्य आणि सैन्यभरतीतून सूट या दोन्ही गोष्टी मान्य केल्या. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्या तहाच्या कलमांतच होते.

जाता जाता आणखी एक विनंती. लेखात व्हांदेचे ‘वेंडी’ आणि नांत शहराचे ‘नान्टेस’ झाले आहे. परकीय नावे छापण्यापूर्वी कुणा जाणकाराला दाखवून घ्यावीत.

– एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा