वरणावर लिंबू, चहा उशिरा

महोदय,

पावसाळा लागला की सिडकोतल्या माझ्या औषधाच्या दुकानात एकच मागणी वाढते: "ती संत्र्याच्या चवीची चघळायची गोळी द्या, इम्युनिटीची." गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला नको म्हणणं परवडत नाही, तरी सांगतो. ही गोळी क जीवनसत्त्वाची, आणि त्याने सर्दी टळत नाही. वर्षभर नियमित घेणाऱ्यांची ती थोडी लवकर आवरते, एवढंच. नाक गळायला लागल्यावर गोळी चघळून फरक पडत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार पुरुषाला रोज ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम पुरतं. गोळी असते ५००ची. जास्तीचं बहुतेक लघवीवाटे जातं. मुतखडा झालेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नये.

दुकानासमोर पेरूची हातगाडी लागते. शंभर ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं. आपल्या द्राक्षांत मात्र ते अगदीच थोडं. नाशिककराला हे ऐकवत नाही, पण आहे ते असं आहे.

खरी गोष्ट पुढेच आहे. मुलांसाठी ही गोळी नेणाऱ्या कितीतरी बायका स्वतःसाठी रक्तवाढीच्या, म्हणजे लोहाच्या गोळ्याही नेतात. "कशाबरोबर घेता ताई?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "जेवण झालं की चहाबरोबर." चहातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, लोह आतड्यात नीट शोषू देत नाहीत. गोळीतलंही नाही आणि जेवणातलंही नाही. उलट बाजरी, मेथी, डाळी यांतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मोठी मदत होते, मात्र दोन्ही एकाच जेवणात हवीत. सकाळी गोळी चघळून दुपारच्या भाकरीला त्याचा काय उपयोग? त्यापेक्षा वाढलेल्या वरणावर लिंबू पिळा. पातेलं गॅसवर उकळत असताना नको, उष्णतेने बरंचसं वाया जातं. कोशिंबीर ऐनवेळी चिरा. आणि चहा प्यायचाच (सिडकोत चहा सोडा म्हणणारा मी कोण!) तर तास-दोन तासांनी प्या.

शाळांच्या पोषण आहारात खिचडीबरोबर लिंबाची एक फोड द्यायला सुरुवात व्हावी, एवढी शिक्षण विभागाला विनंती. उन्हाळ्यात लिंबं कडाडतात हे खरं, पण तेव्हा बाजारात कैरी असतेच.

– एक औषधविक्रेता, सिडको, नाशिक