सीमेवरील गावांचाही पंचनामा हवा

महोदय,

खान्देशाला सीमा ठाऊक आहे ती आपल्या जवानांमुळे. पूंछ, उरी, फिरोजपूर ही नावे आपल्याकडे ‘पोस्टिंग’ची ठिकाणे म्हणूनच घेतली जातात, तिथे पेरणी-कापणी करणारी, मुलांना शाळेत धाडणारी माणसे राहतात, हे बोलण्यात क्वचितच येते. ७ मे २०२५ रोजी देशभर झालेल्या नागरी संरक्षण सरावाच्या यादीत भुसावळही होते. त्याच दिवशी पूंछ शहरावर पाकिस्तानी तोफांचा मारा होऊन डझनाहून अधिक नागरिकांचा बळी गेला आणि त्यांत लहान मुलेही होती. त्या हल्ल्यात मरण पावलेल्या मदरशातील एका शिक्षकाला काही वाहिन्यांनी दहशतवादी ठरवले, तेव्हा पूंछच्या पोलिसांना त्याचे खंडन करावे लागले. ज्याच्या घरात सुतक आहे त्याच्यावर खुलासे करण्याची वेळ यावी, याला बातमीदारी म्हणत नाहीत.

पंजाबात काटेरी कुंपण प्रत्यक्ष सीमारेषेच्या अलीकडे असल्यामुळे कित्येकांची शेते कुंपणापलीकडे आहेत. ओळखपत्र दाखवायचे, सीमा सुरक्षा दलाने ठरवून दिलेल्या वेळेतच फाटकातून जायचे आणि फाटक बंद होण्यापूर्वी परतायचे, हा त्यांचा शांततेच्या काळातलाही नित्यक्रम आहे. नजर अडवणारी उंच पिकेही घेता येत नाहीत. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिलअखेरीस त्यांना उभा गहू दोन दिवसांत काढून घेण्यास सांगण्यात आले. सगळ्यांना एकाच वेळी हार्वेस्टर आणि मजूर कुठून मिळणार, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायला नको.

जम्मू भागातील सीमावर्ती गावांसाठी केंद्राने काही वर्षांपूर्वी चौदा हजारांहून अधिक बंकर मंजूर केले होते. बंकरमुळे जीव वाचतो. गोठ्यातली म्हैस मात्र बाहेरच राहते, म्हणून गाव रिकामे झाले तरी गुरांच्या वैरणपाण्यासाठी घरातले कोणीतरी मागे थांबते. (आपल्याकडेही पुराच्या वेळी याहून वेगळे काही घडत नाही.) १० मे रोजी गोळीबार थांबला आणि वाहिन्यांचे कॅमेरेही परतले. पुढे जूनमध्ये पूर्ण पडलेल्या घराला दोन लाख आणि अंशतः पडलेल्या घराला एक लाख रुपये अतिरिक्त भरपाई जाहीर झाली, ही बातमी आपल्याकडे किती जणांनी वाचली असेल?

वादळाने केळी आडवी झाली की तलाठी बांधावर कधी आला, पंचनाम्यात किती खोडे धरली आणि पैसे खात्यात केव्हा जमा झाले, याचा पाठपुरावा आपले दैनिक महिनोन्‌महिने करते, आणि त्याचा उपयोगही होतो. तसाच पाठपुरावा सीमेवरील गावांचाही व्हावा, अशी विनंती आहे. जाहीर झालेली भरपाई कोणाच्या हाती पडली, भाड्याच्या घरात राहणाऱ्याला काय मिळाले, नवे बंकर खेड्यांपुरतेच राहिले की पूंछसारख्या शहरांतही झाले, आणि बंद पडलेल्या शाळांतील मुलांचा बुडालेला अभ्यास कसा भरून काढला गेला, एवढे जरी आपल्या वार्ताहराने तिथे जाऊन विचारले तरी आम्हा वाचकांना ते हवे आहे.

आपला,
एक केळी उत्पादक, फैजपूर (जि. जळगाव)