थर्मिक तेलाचा आकडा चालत्या तापमानाचा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवसा उन्हाची उष्णता साठवून रात्री कारखान्यात वापरण्याविषयी आपल्या अंकात आलेली माहिती वाचली. आरसे, टाकी, खर्च, सगळं होतं. ज्या द्रवात उष्णता साठवायची, त्याच्या उष्णतावाहकतेबद्दल, म्हणजे त्यातून उष्णता किती सहज पुढे जाते याबद्दल, मात्र एक ओळही नव्हती. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत थर्मिक फ्लुइडच्या, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाच्या, हीटरवर उमेदीची वर्षं घालवलेल्या मला हे खटकलं.

आमच्याकडे पुरवठादाराने तेलाबरोबर दिलेल्या कागदावर वाहकतेचा आकडा एकच, तोही खोलीच्या तापमानाचा. हीटर चालायचा २८० अंशांवर. ही तेलं तापली की त्यांची वाहकता घसरते. त्या आकड्यावर बेतलेला हीट एक्स्चेंजर (तेलातली उष्णता दुसऱ्या द्रवाला देणारं यंत्र) कमी पडला आणि ठपका आला चालवणाऱ्यांवर.

मोजणं सोपं नाही, हे खरं. द्रव तापला की आतल्या आत फिरू लागतो, जादा उष्णता वाहून नेतो आणि आकडा फुगतो. म्हणून केसाहून बारीक प्लॅटिनमची तार द्रवात उभी ताणतात, तिच्यात एकदम वीज सोडतात आणि पहिल्या सेकंदाभरात तिचं तापमान कसं चढतं ते टिपतात. हे तापमान वेळेच्या लॉगॅरिदमसमोर मांडलं की सरळ रेषा येते; तिच्या चढावरून वाहकता काढतात. रेषा वाकली की द्रव हलला समजावं आणि पुढच्या नोंदी सोडून द्याव्यात.

वितळलेल्या क्षारांचं दुखणं वेगळंच. सौर केंद्रांत ६० टक्के सोडियम नायट्रेट आणि ४० टक्के पोटॅशियम नायट्रेटचं मिश्रण ५६५ अंशांपर्यंत वापरतात. त्यातून वीज वाहते, म्हणून तारेवर विद्युतरोधक लेप द्यावा लागतो. एवढ्या खटाटोपानंतर आकडा येतो मीटर-केल्विनला अर्ध्या वॅटच्या आसपास. थर्मिक तेलाचा तर जेमतेम ०.१. मुळातच आकडा इतका लहान, तिथे थोडी चूकही महागात पडते.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये बडोद्यात तंत्रशिक्षणासाठी कलाभवन उभारलं. तिथल्या तंत्रशाखेने मकरपुरा-नंदेसरीच्या छोट्या कारखान्यांचे नमुने माफक दरात, चालत्या तापमानाला तपासून द्यावेत. पुरवठादारानेही आकड्याशेजारी तापमान, मोजण्याची पद्धत आणि चुकीची मर्यादा छापावी. आणि नमुना फक्त नव्या पिंपातला नको. वर्षानुवर्षं फिरून काळं पडलेलं तेलही तपासावं.

आपला,
एक निवृत्त प्लांट ऑपरेटर
दांडिया बाजार, बडोदा