चित्राखाली चित्रकाराचे नाव असावे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या पुरवणीत कथा, कविता आणि ललित लेखांसोबत येणारी चित्रे मी अनेक वर्षे आवडीने पाहत आलो आहे. मजकूर वाचण्याआधी चित्र पाहायचे आणि वाचून झाल्यावर पुन्हा त्या चित्राकडे वळायचे, अशी माझी वाचनाची रीतच झाली आहे. यांतली पुष्कळशी चित्रे उत्तम असतात, परंतु ती कोणी काढली हे बहुतेक वेळा कळत नाही. लेखकाचे नाव ठळक अक्षरांत असते, छायाचित्र असेल तर छायाचित्रकाराचा उल्लेख असतो, लहान मुलांच्या पानावर तर प्रत्येक चित्राखाली मुलाचे नाव आणि इयत्ता आवर्जून छापलेली असते. मोठ्यांच्या पानावरचे रेखाटन मात्र निनावी राहते. ही स्थिती इतर नियतकालिकांत आणि अनेक पुस्तकांतही आढळते, म्हणून ही तक्रार एकट्या आपल्याकडे नाही. आपण सुरुवात करावी, एवढीच या पत्रामागची इच्छा आहे.

चित्रकाराला त्याचे श्रेय मिळाले पाहिजे हे उघड आहे आणि त्यावर कोणी वाद घालील असे मला वाटत नाही. मला सांगायचे आहे ते वाचकाच्या बाजूने. चित्रांवर प्रेम करणाऱ्या माणसाचा आनंद एका चित्रापाशी संपत नाही. एकच हात वेगवेगळ्या चित्रांतून ओळखू येऊ लागतो, तेव्हा तो आनंद खऱ्या अर्थाने सुरू होतो. एखादा चित्रकार चेहरा चारच रेषांत मांडतो, पण हाताची बोटे मात्र निगुतीने काढतो. दुसरा पार्श्वभूमी जवळजवळ कोरी ठेवतो आणि सगळा काळा रंग एका कोपऱ्यात साठवतो. तिसऱ्याच्या चित्रात गर्दीतला एक तरी माणूस नेहमी पाठमोरा असतो. या लकबी एका चित्रातून कळत नाहीत. त्या कळण्यासाठी हे चित्र आणि मागच्या महिन्यातले ते चित्र एकाच व्यक्तीचे आहे हे ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक करून देणारी गोष्ट म्हणजे चित्राखालचे नाव. दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांचे मुखपृष्ठ लांबूनही ओळखणारे वाचक तयार झाले, कारण त्यांच्या चित्रांवर त्यांची स्वाक्षरी असे आणि ती पाहता पाहता डोळ्यांना त्यांच्या रंगांची आणि चेहऱ्यांच्या ठेवणीची सवय झाली. गायकाचे नाव न सांगता गाणे ऐकवत राहिले, तर श्रोत्याला गाणी आवडतील, पण त्याच्या मनात गायक घडणार नाही. चित्रांच्या बाबतीत आपण नेमके हेच करत आहोत.

कथेसाठी किंवा बातमीसाठी काढलेले चित्र म्हणजे दुय्यम काम, आणि कॅनव्हासवर तैलरंगात काढलेले चित्र म्हणजे खरी कला, असा एक समज या निनावीपणामागे असावा. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याचे उदाहरण या समजाच्या अगदी विरुद्ध आहे. द हेग येथे राहत असताना, 1882 आणि 1883 च्या सुमारास, हाताशी पैसे नसतानाही तो इंग्लंडच्या सचित्र साप्ताहिकांचे जुने अंक विकत घेत असे. त्यांतली लाकडावर कोरून छापलेली चित्रे तो कापून जाड कागदावर चिकटवत असे आणि जपून ठेवत असे. असा हजारावर चित्रांचा संग्रह त्याने केला होता. मला विशेष वाटते ते असे, की आपला चित्रकार मित्र अँथॉन व्हॅन रॅपार्ड याला लिहिलेल्या पत्रांत तो या चित्रांविषयी भरभरून लिहितो आणि प्रत्येक चित्रकाराचा नावानिशी उल्लेख करतो. ल्यूक फिल्ड्स, ह्यूबर्ट हर्कोमर, फ्रँक हॉल ही साप्ताहिकांत चित्रे काढणारी माणसे त्याच्यासाठी थोर चित्रकार होती. कोणाचे कोणते चित्र आपल्याकडे आहे आणि कोणाचे मिळालेले नाही, याचा हिशेब तो मांडू शकत होता, कारण चित्रे नावांसह छापली जात होती.

यांपैकी फिल्ड्स याची कहाणी थोडी सविस्तर सांगतो. ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकाचा पहिला अंक डिसेंबर 1869 मध्ये निघाला. त्यात रात्रीच्या निवाऱ्यासाठी थंडीत रांगेत उभ्या असलेल्या बेघर माणसांचे फिल्ड्स याचे चित्र होते. ते चार्ल्स डिकन्स यांच्या पाहण्यात आले आणि आपल्या नव्या कादंबरीची चित्रे त्यांनी त्याच्याकडे सोपवली. ती कादंबरी पूर्ण होण्याआधीच, जून 1870 मध्ये, डिकन्स यांचे निधन झाले. त्यानंतर फिल्ड्स याने त्यांच्या अभ्यासिकेचे चित्र काढले. टेबल तसेच आहे, खुर्ची थोडी मागे सरकवलेली आहे आणि तिच्यावर कोणी नाही. हे चित्र त्याच वर्षाच्या अखेरीस साप्ताहिकात छापले गेले. ते व्हॅन गॉगच्या मनात रुतून बसले होते, हे त्याच्या पत्रांवरून कळते. पुढे 1888 मध्ये फ्रान्समधील आर्ल येथे व्हॅन गॉगने स्वतःची साधी, गवताने विणलेल्या बैठकीची खुर्ची आणि आपला चित्रकार मित्र गोगँ याची खुर्ची अशी दोन चित्रे रंगवली. दोन्ही खुर्च्यांवर माणूस नाही. या चित्रांचे फिल्ड्सच्या रेखाटनाशी असलेले नाते अभ्यासकांनी दाखवले आहे. साप्ताहिकाच्या पानावरची काळीपांढरी रिकामी खुर्ची अशी एका थोर चित्रकाराच्या पिवळ्या, निळ्या रंगांत पोहोचते, हे समजल्यावर त्या दोन्ही चित्रांकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. त्या पानावर फिल्ड्स हे नाव नसते, तर हा धागा आज कोणाच्या हाती लागला असता?

व्हॅन गॉगनेच 1890 मध्ये, फ्रान्समधील सेंट रेमीच्या मनोरुग्णालयात असताना, तुरुंगाच्या उंच भिंतींमध्ये गोल फेऱ्या मारणाऱ्या कैद्यांचे तैलचित्र रंगवले. ते मुळात फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह डोरे याचे, लंडन शहरावरच्या 1872 सालच्या पुस्तकातले चित्र. डोरेच्या पुस्तकांतली चित्रे बारकाईने पाहिली, तर अनेक चित्रांच्या खालच्या दोन कोपऱ्यांत दोन नावे दिसतात. एका बाजूला डोरे आणि दुसऱ्या बाजूला त्याचे रेखाटन लाकडावर कोरणारा कारागीर, उदाहरणार्थ पिसाँ. छापील काळ्या रेषेत आपल्याला जे दिसते त्यात दोघांचाही हात आहे. ढगांतले करडेपण किंवा अंधारातून उमटणारा खांदा हे कोरणाऱ्याच्या हत्याराने साधलेले असते. अशा चित्रात दोन नावे शेजारी वाचताना मला फार समाधान वाटते.

जपानी लाकडी ठशांच्या चित्रांबाबत हे समाधान मिळत नाही. कात्सुशिका होकुसाई याची ती उसळलेली लाट जगभर सर्वांना माहीत आहे. सुमारे 1831 मध्ये, सत्तरीच्या आसपास असताना त्याने ती काढली, आणि तिच्या डाव्या कोपऱ्यात त्याची स्वाक्षरी आहे. परंतु त्याचे मूळ रेखाटन चेरीच्या लाकडी फळीवर उलटे चिकटवले जाई आणि कोरताना ते नष्ट होई. म्हणजे आज आपण पाहतो तो फेसाचा प्रत्येक नख्यासारखा टोकदार तुकडा कोरणाऱ्याने लाकडात जिवंत ठेवला, आणि त्या प्रसिद्ध निळ्या रंगाच्या छटा छापणाऱ्याने उमटवल्या. त्यांची नावे चित्रावर नाहीत. ते चित्र पाहताना या अनाम माणसांविषयी मला दरवेळी हळहळ वाटते. अलीकडच्या निर्मितीत तरी ही वेळ कोणावर येऊ नये.

सामूहिक आणि भव्य कलाप्रकल्पांच्या बाबतीतही नावाचा प्रश्न येतोच. क्रिस्टो आणि जाँ क्लोद या दांपत्याने 1995 मध्ये बर्लिनची राइशटाग ही संसदेची इमारत कापडाने झाकली. ही कल्पना त्यांच्या मनात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून होती, आणि प्रत्यक्ष काम लोकांना पाहायला मिळाले ते केवळ 14 दिवस. खर्चासाठी त्यांनी प्रायोजक घेतले नाहीत. क्रिस्टो आधी जी रेखाटने आणि कोलाज करत असे, त्यांच्या विक्रीतून पैसा उभा राहिला. प्रकल्प पूर्ण झाल्यावर त्याचे चित्र तो काढत नसे. त्यामुळे त्या रेखाटनांत नेहमी अजून न घडलेली गोष्ट दिसते, आणि मला ती प्रत्यक्ष प्रकल्पांच्या छायाचित्रांइतकीच प्रिय आहेत. अनेक वर्षे हे सगळे काम एकट्या क्रिस्टोच्या नावावर होते. 1994 मध्ये दोघांनी जाहीर केले, की बाहेर उभारलेले सर्व प्रकल्प, पूर्वीचेही, दोघांच्या नावे ओळखले जावेत, आणि रेखाटने मात्र क्रिस्टोचीच राहावीत. कोणाचे काय आहे हे इतक्या स्वच्छपणे सांगता येते, याचा हा उत्तम दाखला आहे.

नावासोबत चित्राचे माध्यम आणि मूळ आकार हेही छापावे, अशी माझी आणखी एक विनंती आहे. छापील पानावर आणि मोबाइलच्या पडद्यावर सगळी चित्रे एकाच मापाची होतात. व्हर्मीरचे मोत्याचा डूल घातलेल्या मुलीचे चित्र प्रत्यक्षात जेमतेम 44.5 सेंटिमीटर उंच आहे, तर पिकासोने 1937 मध्ये रंगवलेले ‘गेर्निका’ सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे. पहिल्यासमोर माणूस दुसऱ्या माणसाच्या चेहऱ्यासमोर उभा राहावा तसा उभा राहतो. दुसऱ्यासमोर त्याला मान वळवत चित्राच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावे लागते. दोन्ही चित्रे तळहाताएवढी छापली गेली की हा फरक पुसला जातो. तो परत मिळवायला एक ओळ पुरते. कथाचित्रांबाबतही हेच म्हणता येईल. शाई आणि कुंचला, जलरंग, पेन्सिल किंवा संगणकावरील रेखाटन, एवढे कळले तरी पाहणाऱ्याची नजर अधिक सावध होते आणि कागदाने शाई कुठे शोषली आहे, कुठे कुंचला कोरडा पडला आहे, हे तो शोधू लागतो.

येथे संगणकाचा उल्लेख आला, म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. संगणकावर हाताने काढलेल्या चित्राविषयी माझ्या मनात किंचितही अढी नाही. त्यातही रेषा माणसाचीच असते आणि निवडही माणसाचीच. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तयार करून घेतलेली चित्रे आता छापील पानांवर येऊ लागली आहेत, आणि ती तशी आहेत हे वाचकाला सांगितले जात नाही. अशी चित्रे वापरावीत की नाहीत हा संपादकांचा अधिकार आहे. माझे मत विचाराल, तर कथेला चित्र हवे असेल तेव्हा कथा वाचून तिच्यावर विचार करणाऱ्या माणसाकडूनच ते घ्यावे. तरीही ती वापरलीच, तर चित्राखाली तसे नमूद करणे आवश्यक आहे. सगळीच चित्रे निनावी राहिली, तर चित्रकाराने रात्र जागून केलेले काम आणि यंत्राने क्षणात दिलेली प्रतिमा यांत फरक करण्याचे साधनच वाचकाजवळ उरणार नाही, आणि सर्वाधिक नुकसान होईल ते नव्याने या कामात उतरणाऱ्या तरुण चित्रकारांचे, ज्यांची ओळख अजून कोणाला झालेली नाही.

जागेची अडचण सांगितली जाते, याची मला कल्पना आहे. वृत्तपत्रात प्रत्येक ओळ मोलाची असते. परंतु चित्रकाराचे नाव आणि माध्यम चित्राच्या कडेला उभ्या बारीक अक्षरांतही बसते. त्यासाठी मजकुराचा एकही शब्द कापावा लागत नाही. चित्रकाराने स्वतःची स्वाक्षरी केली असेल, तर पानाच्या मापात बसवताना ती छाटली जाऊ नये, एवढी काळजी मांडणी करणाऱ्यांनी घेतली तरी बरेच साधेल. तीच चित्रे वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर जातात, तेथे तर जागेचा प्रश्नच नाही, आणि तेथे नाव असल्यास एका चित्रकाराची सर्व चित्रे वाचकाला शोधून एकत्र पाहता येतील.

शेवटी एक सूचना. जुन्या अंकांत छापलेली कितीतरी कथाचित्रे आज कोणाची आहेत हे केवळ त्या काळी संपादन विभागात काम केलेल्या, त्या चित्रकारांसोबत बसलेल्या ज्येष्ठ मंडळींनाच ठाऊक असेल. आपण त्यांच्याशी बोलून, मानधनाच्या जुन्या नोंदी पाहून, जितकी नावे निश्चित करता येतील तितकी करावीत आणि दर आठवड्याला असे एक जुने चित्र, त्याच्या चित्रकाराच्या नावासह, पुन्हा छापावे. वाचकांकडेही जपलेली कात्रणे असतील. माझ्याकडे आहेत, आणि आपण कळवल्यास ती पाठवण्यास मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक चित्रप्रेमी वाचक