पाऊस, चपला आणि गाय वेगळी विकत कशाला?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पेपरात गेमची बातमी आली की ती एकतर पोरगं मोबाईलपायी शाळा बुडवतंय अशी असते नाहीतर कुणाचे तरी पैसे बुडाले अशी, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला तेव्हापासून तर मी लॅपटॉप उघडून बसले की आमच्या सासूबाईंना वाटतं ही रमीच खेळतीय. म्हणून म्हटलं एकदा साध्या घरसंसाराच्या गेमबद्दल पण लिहावं, छापा नाहीतर नका छापू.

गेमचं नाव द सिम्स. माणसं बनवायची, त्यांना घर बांधून द्यायचं, नोकरीला लावायचं, भूक झोप आंघोळ करमणूक सगळ्याकडं लक्ष ठेवायचं, लग्न लावायची, भांडणं लावायची (हे जास्त), म्हातारी झाली की रडायचं. जिंकणं-हरणं काही नाही. पहिला भाग 2000 सालचा, मग 2004, 2009 आणि चौथा 2014 चा, तो अजून चालूच आहे. 2022 मध्ये कंपनीनं प्रोजेक्ट रेने म्हणून काहीतरी नवीन दाखवलं, सगळ्यांना वाटलं आला पाचवा भाग, तर 2024 मध्ये त्यांनीच सांगितलं की जुना बंद करून त्याच्या जागी नवा नंबर असं आता करणार नाही, चौथ्यातच भर घालत राहणार. तरी पण खेळणारे पुढच्या भागाची वाट बघणं काही सोडत नाहीत, मी पण नाही.

माझी मागणी एकच आहे ओ. संसाराला मुळात जे लागतं ते मूळ गेममध्ये द्या.

आता बघा, चौथ्या भागात पाऊस हवा असेल तर पैसे, तो 2018 च्या सीझन्स पॅकमध्ये आहे (पॅक म्हणजे मूळ गेमला वेगळे पैसे देऊन जोडायची भर). घरात शिरताना चपला बाहेर काढायची सोय 2020 च्या स्नोई एस्केपमध्ये. दारात गाय न् कोंबड्या पाहिजेत तर 2021 चा कॉटेज लिव्हिंग. एका इमारतीत भाडेकरू ठेवायचेत तर 2023 चा फॉर रेंट. म्हणजे भडंगाचं पुडकं घ्यायचं आणि शेंगदाणे, लसूण, कढीपत्ता चार दुकानातनं वेगवेगळा आणायचा असला प्रकार. सगळे पॅक मूळ किमतीनं घेतले तर हिशोब हजार डॉलरच्या पुढं जातो, रुपयात मी सांगत नाही, मिस्टर पण तुमचाच पेपर वाचतात.

यावर आमचा भाचा म्हणतो मामी, 2022 पासून मूळ गेम फुकट आहे की, मग तक्रार कशाची. बरोबर आहे त्याचं, पण फुकट काय आहे तर कोरडं गाव, तिथं कधी पावसाचा थेंब पण पडत नाही. चेटकिणी, व्हॅम्पायर, अंतराळातली भानगड हे वेगळं विकलं तर माझं काहीच म्हणणं नाही, ज्याला हौस आहे तो घेईल. पाऊस ही काय हौस आहे का?

आणि ज्याच्या डोक्यातनं हा गेम निघाला त्याची गोष्ट माहीत असली की जास्तच राग येतो. विल राईट नावाचा माणूस, 1991 मध्ये अमेरिकेत ओकलंडला मोठी आग लागली त्यात त्याचं घर जळालं, आणि परत संसार उभा करताना कुठली वस्तू आधी लागते, कशाला लागते हा विचार करता करता त्याला ही कल्पना सुचली. सांगलीकरांना हे वेगळं समजवायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी उतरल्यावर आमच्या मावशीकडं गाळ काढायला गेलो होतो, कपाटाची फळी फुगलेली, दार लागेना, फ्रीज अंगणात उताणा, आणि सगळ्यांचा वाद एकच की आधी गाद्या आणायच्या का आधी शेगडी. मावशी म्हणाली शेगडी, चहा झाला की बाकीचं सुचतं. गेममध्ये डिट्टो हेच आहे, नवीन घराला 20,000 सिमोलिऑन (गेममधले पैसे) मिळतात, त्यात स्वस्तातला पलंग घेतला तर माणसाची झोप लवकर भरत नाही, तो चिडचिड करत कामावर जातो, शेगडी स्वस्तातली घेतली तर पेट घ्यायची भीती. इतका बारीक विचार करून ज्याची सुरुवात झाली त्यात आज चपला काढायला वेगळा पॅक लागतोय.

नवीन भाग आला की जुन्यातलं काहीतरी काढून टाकायचं ही पण एक खोड. 2014 मध्ये चौथा आला तेव्हा पोहायचा तलाव नव्हता, तो दोन महिन्यात दिला ते सोडा, पण बाळ म्हणजे पाळण्याचाच एक भाग होतं! उचलायचं, पाजायचं, परत पाळण्यात, दुसऱ्या खोलीत नेता यायचं नाही, आणि वाढदिवस केला की थेट शाळेत जाणारं पोरगं. मधली पडायची-रडायची, बोबडं बोलायची वर्षंच गायब. ती 2017 ला आली आणि कडेवर घेऊन फिरता येईल असं तान्हं बाळ 2023 च्या मार्चमध्ये. दोन्ही फुकट दिलं हे मान्य करते, पण ज्या गेमचा जीवच घरसंसार आहे त्यात बाळ नीट यायला साडेआठ वर्षं? तिसऱ्या भागात तर अख्खं गाव उघडं होतं, दारातनं निघून शेजारणीकडं, तिथनं बागेत, कुठं थांबायला लागायचं नाही, आणि पडद्याला सोफ्याला पाहिजे तो रंग, पाहिजे ती नक्षी देता यायची, मी खणाच्या जांभळ्या-लाल रंगात अख्खा दिवाणखाना सजवला होता. चौथ्यात ते रंगाचं चाक गेलं, आणि शेजारणीकडं वाटीभर साखर मागायला गेलं तरी लोडिंग. तिसरा भाग जुन्या कॉम्प्युटरला झेपायचा नाही, गपकन बंद पडायचा, हे पण खरंय. पण आता मशीन सुधारल्यात की.

मग माणसं किती ठेवायची तर एका घरात आठ, त्यात कुत्रं-मांजर पण धरलेलं. आमच्या घरात आजेसासऱ्यांपासून धाकट्या दिराच्या पोरीपर्यंत नऊ जण, मी घर बनवायला बसले की दर वेळी कुणाला वगळायचं हा प्रश्न (दीर. तेच वगळले जातात). मग फॉर रेंट घेऊन एक वाडा केला, मधी चौक, चौकात साध्या कुंडीला तुळशी वृंदावन म्हणायचं, भोवतीनं सहा बिऱ्हाडं, कारण एका प्लॉटवर सहाच होतात. दिसायला लई भारी झाला, पण एका वेळी एकाच बिऱ्हाडाला खेळवता येतं, बाकीची चुलत-मावस मंडळी आपली आपली फिरत बसतात, चूल वेगळी झाल्यासारखी. पुढच्या भागात एका घरात निदान बारा माणसं मावली पाहिजेत, याच्यावर मी अडून बसणार आहे.

अजून एक भीती म्हणजे ऑनलाइन. रेनेबद्दल जे काही बाहेर आलं त्यात मित्रांबरोबर मिळून खेळायचं यावर सगळा जोर. ठीक आहे, ज्यांना मित्र आहेत त्यांनी खेळावं, पण एकटीनं, नेट बंद असताना खेळता आलंच पाहिजे. सिम्स बनवणाऱ्या याच मॅक्सिसचा 2013 चा सिमसिटी, म्हणजे शहर उभारायचा गेम, कायम नेट लागेल असाच आला आणि पहिल्याच आठवड्यात सर्व्हर आडवे, पैसे मोजलेली माणसं बाहेर ताटकळत, शेवटी वर्षभरानं ऑफलाइनची सोय दिली. आमच्याकडं पावसाळ्यात दोन दोन दिवस नेट नसतं, तेव्हाच तर निवांत खेळायला वेळ मिळतो.

कंपनीला वाटत असेल ह्या जाणार कुठं, तर तसं राहिलेलं नाही. बीजीएमआय हा मोबाईलवरचा मारामारीचा गेम काढणाऱ्या क्राफ्टन कंपनीनं 2025 च्या मार्चमध्ये सिम्ससारखाच इन्झॉय आणला, दिसायला एकदम सुंदर, पण कमीत कमी आरटीएक्स 2060 हे भारीतलं ग्राफिक्स कार्ड मागतो, म्हणजे माझ्या लॅपटॉपला रामराम. असाच दुसरा गेम लाइफ बाय यू, तो येणार येणार म्हणत 2024 मध्ये बंदच केला. राहिला पॅरालाइव्हज, छोटी टीम आहे, वर्षानुवर्षं सावकाश करतायत, पण वरचे पॅक पैसे घेऊन विकणार नाही, जी भर पडेल ती फुकट, असं त्यांनी आधीच सांगून टाकलंय. सिम्सच्या पुढच्या पॅकसाठी डब्यात बाजूला काढलेले पैसे मी त्यांच्या नावावर केलेत.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली